एस्टीमच्या १.३ इंजिनाला कुठला ईसीयू घ्यावा? कोल्हापुरातच बसवून ट्यून करायचाय

शिरोली_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची एस्टीम, एमपीएफआय, १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडं आहे. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मशीनशॉपला सीएनसी सेटर आहे, त्यामुळं इंजिनाचं लोखंडी काम अगदी मनासारखं करून घेतलंय. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन साडेदहाला नेलं, पोर्ट स्वतः हातानं साफ केले, कॅम उद्यमनगरात नव्यानं ग्राइंड करून घेतला आणि ४-२-१ चा एक्झॉस्ट बनवला. मूळ ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर, तसाच आहे.

गंमत वरच्या आरपीएमला आहे, पण तिथंच भीतीही आहे. आयडलला गाडी पेट्रोलच्या वासानं नाक जाळते, आठशेवर थांबतच नाही, हजार-बाराशेच्या मध्ये हेलकावे खाते. प्लग काळे. आणि साडेपाच हजाराच्या पुढं ओढ अचानक कोरडी वाटते. एकदा वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) उसना आणून लावला तर तिथं लॅम्डा ०.९८ दिसला (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त), फुल थ्रॉटलला! तेव्हापासून मी वर खेचत नाही.

म्हणजे स्वतंत्र ईसीयू घ्यायचाच आहे. मायक्रोस्क्वर्ट, स्पीडुइनो, ईसीयूमास्टरचा ईएमयू ब्लॅक, हॅलटेक एलिट आणि लिंक एवढे वाचून झाले. मित्र म्हणतो, पिगीबॅक लाव आणि विषय संपव. बजेट डबा (ईसीयू), वायरिंग, सेन्सर, ट्यूनिंग सगळं धरून दीड लाख. वापर म्हणजे मातीतला ऑटोक्रॉस, आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत. पुढं कधीतरी चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (हवा सोडणारी झडप, प्रत्येक सिलिंडरला एक) करायची इच्छा आहे. टर्बो नको. गाडी महिनाभर दुसऱ्या गावी ठेवणं परवडणार नाही, सुट्टी मिळत नाही. वायरिंग शिकायची तयारी आहे, लॅपटॉप आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं आणि का, ते सांगा.

---

उद्यमनगर_अण्णा

भावा, आधी तुझ्या आयडलचं सांगतो, म्हणजे बाकीचं पटेल. ह्या गाडीचा ईसीयू मॅनिफोल्डचा दाब बघून हवेचा अंदाज करतो. कॅमला ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहण्याचा वेळ) वाढवलास, त्यामुळं आयडलला व्हॅक्यूम कमी झाला. ईसीयूला दाब जास्त दिसला, त्याला वाटलं लोड आलाय, त्यानं पेट्रोल ओतलं. मूळ ऑक्सिजन सेन्सर ते थोडंफार ओढून घेतो, पण त्याच्या दुरुस्तीला मर्यादा असते. वर मात्र उलट होतं. नव्या कॅमवर इंजिन कारखान्याच्या टेबलात लिहिलंय त्यापेक्षा जास्त हवा घेतंय, फुल थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरचं कोण ऐकत नाही, टेबल सांगेल तेवढंच पेट्रोल जातं. म्हणून ०.९८. तिथं ०.८७ च्या आसपास पाहिजे. वर खेचायचं थांबवलंस ते लई बरोबर केलंस. साडेदहा कॉम्प्रेशनवर तसं पळवलं असतं तर पिस्टनची कड गेली असती.

आता पिगीबॅक. ते मूळ ईसीयूच्या आणि सेन्सरच्या मध्ये बसतं आणि सिग्नल थोडा वर-खाली करून दाखवतं. बेंगळुरूचं पॉवरट्रॉनिक आपल्याकडच्या बाइकवाल्या पोरांनी भरपूर लावलंय आणि बाइक जवळजवळ मूळ अवस्थेत असली तर ते छान चालतं. तुझ्या गाडीत मुळातलं टेबलच इंजिनाचं राहिलेलं नाही. चुकीच्या आकड्यावर टक्केवारी लावून बरोबर आकडा एखाद्या ठिकाणी मिळेल, सगळीकडं मिळणार नाही. आणि क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून चालताना, मूळ ईसीयू तुझी दुरुस्ती परत पुसून टाकायचा प्रयत्न करणार. ते सोड.

स्वतंत्र ईसीयूबद्दल माझं मत ठाम आहे. डबा सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी ठरव, ट्यून कोण करणार. मग सेन्सर आणि ट्रिगर (क्रँक कुठं आहे ते ईसीयूला सांगणारी दातांची चकती), मग वायरिंग, आणि ह्या तिन्हीला जो डबा बसेल तो घ्यायचा. कोल्हापुरात लोखंडाला हात लावणारी माणसं पाहिजे तेवढी आहेत, ऑइल इंजिनाच्या काळापासून उद्यमनगरात ती पिढी घडली. पण लॅपटॉपवर व्हीई टेबल (कुठल्या आरपीएमला आणि लोडला इंजिन किती हवा घेतं त्याचा तक्ता) उघडून ‘हा सेल का वाकडा आहे’ हे सांगणारा माणूस तुला रोज भेटणार नाही. लिंक किंवा हॅलटेकचा डबा घेतलास आणि तो ज्याला येतो तो माणूस बेंगळुरूत असला, तर प्रत्येक बारीक दुरुस्तीला तू त्याच्या वेळेवर अवलंबून. कोल्ड स्टार्टच घे. ते एका दिवसात ट्यून होतच नाही. रात्रभर गाडी गार करायची, सकाळी एकदा स्टार्ट मारायची, बघायचं, बदलायचं, परत उद्या. हे काम ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यालाच जमतं.

तुझ्या इंजिनाची गरज मोज. चार इंजेक्टर, दोन-दोनच्या जोडीनं. वेस्टेड स्पार्कचे, म्हणजे दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देणारे, दोन कॉइल, १-४ आणि २-३. व्हेरिएबल टायमिंग नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नाही, बूस्ट नाही. म्हणजे दोन इंजेक्टर चॅनल आणि दोन इग्निशन चॅनल झाले की काम भागलं. सिक्वेन्शियल इंजेक्शनचा फायदा आयडल आणि हळू चालीला थोडा दिसतो. फुल लोडला इंजेक्टर तसाही बराचसा वेळ उघडाच असतो, तिथं कुणी कुठल्या क्षणी फवारलं ह्यानं फरक पडत नाही. मग सहा-आठ आउटपुटसाठी पैसे कशाला?

मी तुझ्या जागी मायक्रोस्क्वर्ट घेतला असता. सीलबंद आहे, लहान आहे, ट्यूनरस्टुडिओ ह्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि मेगास्क्वर्टची मंडळी गेली वीस वर्षं प्रत्येक अडचणीवर लिहून ठेवत आलीत, म्हणजे रात्री अकरा वाजता अडलास तरी वाचायला काहीतरी सापडतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. त्याच्या आत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) नाही, बाहेरून लावायचा, आणि त्याची नळी प्लेनममधून, म्हणजे हवा वाटली जायच्या आधीच्या मोठ्या कप्प्यातून घ्यायची, एकाच सिलिंडरकडं जाणाऱ्या रनरमधून नाही. आणि त्याचे इग्निशन आउटपुट फक्त सिग्नल देतात, कॉइलला थेट ताकद देत नाहीत. इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच असलेला कॉइल घे, नाहीतर वेगळा इग्नायटर लाव. साधा कॉइल थेट जोडलास तर डबा जळला म्हणून समज.

पैसे उरले की ते ह्या क्रमानं खर्च कर: वाइडबँड, चांगली क्रिम्पिंगची पक्कड, नवे कनेक्टर, टायमिंग लाइट.

---

स्पार्क_आणि_सोल्डर

दादा, मी इंजिनीअरिंगला आहे. आमच्या फॉर्म्युला कारवर ३९० चं सिंगल सिलिंडर इंजिन आहे आणि त्यावर स्पीडुइनो आहे, म्हणून लिहितोय. तो आर्डुइनो मेगा २५६० वर चालतो, सगळं ओपन सोर्स आहे, आणि ट्यूनरस्टुडिओच वापरतो. म्हणजे त्यावर शिकलेलं मायक्रोस्क्वर्टवर कामी येतं. चार इंजेक्टर आणि चार इग्निशन चॅनल मिळतात. शिकायला याच्यापेक्षा चांगलं काही मला दिसलं नाही, कारण बोर्ड समोर उघडा असतो, कुठला सिग्नल कुठून येतो हे ऑसिलोस्कोप लावून बघता येतं.

पण ऑटोक्रॉससाठी मी तो सुचवणार नाही. मेगाचा बोर्ड पिनांवर टेकलेला असतो, हादऱ्यानं सैल होतो. आम्ही पिना सोल्डर केल्या, बोर्ड रबराच्या बुशवर बसवला, डबा सील केला, एवढं केल्यावर तो टिकला. तुमच्याकडं माती, धूळ, जंप आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. वेळ कमी आहे असं तुम्हीच म्हणताय. डबा बनवण्यात वेळ गेला तर ट्यूनिंगला उरणार नाही.

चार थ्रॉटल बॉडी करणार असाल तर एक गोष्ट आधीच धरून चाला. चार वेगळ्या बॉडी लावल्या की थोडा थ्रॉटल उघडला तरी मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या दाबाला भिडतो, मग दाबावरून लोड कळत नाही. तेव्हा थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएमवर टेबल करतात, त्याला अल्फा-एन म्हणतात. त्यात बाहेरच्या हवेचा दाब वेगळा मोजावाच लागतो. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. करूळ घाट उतरून वैभववाडीत गेलात की तो १०० च्या आसपास जातो. थ्रॉटल तेवढाच, हवा पाच-सहा टक्के जास्त, आणि पेट्रोल इथलंच! इथं ०.८७ असलेला लॅम्डा तिथं ०.९२ दिसेल. म्हणून बॅरोमेट्रिक करेक्शनसाठी दुसरा दाबाचा सेन्सर लावायची सोय आहे का, हे डबा घेतानाच बघा.

---

शिरोली_मशीनशॉप

अण्णा, आयडलचं कारण आज पहिल्यांदा कळलं. तीन मेकॅनिकना दाखवली होती, सगळ्यांनी इंजेक्टर साफ करा म्हणून सांगितलं. मनापासून आभार.

स्पार्कभाऊ, घाटाचं गणित वहीत लिहून घेतलंय. थ्रॉटल बॉडी ह्या वर्षी नाहीत, आधी हे एक नीट होऊ दे.

तीन प्रश्न. ट्रिगर व्हील मी स्वतः बनवणार आहे, मशीन हाताशी आहे, तर ३६-१ (३६ दातांतला एक गाळलेला) करू की ६०-२? दुसरं, आता पंपावर सगळीकडं ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे. इथेनॉलही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसातून जातंय, म्हणून त्याच्यावर राग नाही, पण ट्यून करताना काय सांभाळायचं? तिसरं, आहेत त्या इंजेक्टरवर भागेल का? माझा अंदाज ११० अश्वशक्तीचा आहे.

---

उद्यमनगर_अण्णा

ट्रिगर व्हीलवर जरा जास्त लिहितो, कारण निम्म्या गाड्या इथंच रुसतात आणि शिव्या डब्याला बसतात.

३६-१ कर. क्रँक पुलीच्या मागं दीडशे मिलिमीटरच्या आसपासची चकती बसते का ते मोज. ६०-२ ला दात बारीक होतात, लहान चकतीवर व्हीआर सेन्सरला (दात जवळून गेला की सिग्नल देणारा चुंबकी सेन्सर) ते नीट वेगळे दिसत नाहीत. ३६ चे दात जाड, तुझ्या सात हजार आरपीएमला भरपूर. चकती माइल्ड स्टीलचीच पाहिजे, अॅल्युमिनियमवर व्हीआर सेन्सर काही देत नाही. रनआउट (फिरताना चकती किती डगमगते) डायलवर पाव मिलिमीटरच्या आत आण, तुला ते अवघड नाही. सेन्सर आणि दातामधली फट पाऊण ते एक मिलिमीटर. सेन्सरचा ब्रॅकेट सहा मिलिमीटरच्या पट्टीचा कर आणि थेट ब्लॉकवर पकड. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट एका ठरावीक आरपीएमला थरथरतो आणि बरोबर तिथं मिसिंग येतं.

गाळलेला दात कुठं ठेवायचा? एक नंबरचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) असताना गाळलेली जागा सेन्सरच्या ९० अंश आधी निघून गेलेली असू दे. स्टार्टरवर इंजिन कॉम्प्रेशनला येताना अडखळतं, वेग क्षणभर पडतो. त्याच क्षणी गाळलेली जागा सेन्सरसमोर आली तर डब्याचा हिशोब चुकतो आणि गाडी स्टार्टच होत नाही. ९० अंशाला ठेवलं की तो प्रश्न राहत नाही.

व्हीआरच्या दोन वायरींना दिशा असते. मागं माझ्याकडं एक बलेनो आली होती, चार हजाराच्या पुढं झटके मारायची. दोन ठिकाणी ईसीयू खराब म्हणून सांगितलेलं. वायरी उलट्या होत्या, तेवढंच. अदलाबदल केली आणि टायमिंग लाइटखाली खूण जागेवर थांबली. ती केबल शील्डवाली घे आणि शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ कर. दोन्ही टोकांना केलंस तर शील्डच आवाज आत आणते. प्लग रेझिस्टरवाले, म्हणजे नंबरात आर असलेले. ईसीयूचा आणि सगळ्या सेन्सरचा अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टला. चॅसिसच्या रंगलेल्या पत्र्यावर अर्थ घेऊ नको.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मार. ट्यूनरस्टुडिओत टायमिंग दहा अंशावर लॉक कर आणि टायमिंग लाइटनं पुलीवरची खूण दहालाच दिसते का ते बघ. दिसेपर्यंत पुढचं काही करायचं नाही. लॅपटॉपवर दहा आणि पुलीवर वीस असली तर तुझं सगळं टेबल दहा अंशानं खोटं.

इंजेक्टरचं गणित तुझ्यासमोर करतो. एका अश्वशक्तीला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल धर. ११० ला ५५ पाउंड, चार इंजेक्टरना वाटून पावणेचौदा. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, म्हणून १७ पाउंडाच्या वर, म्हणजे मिनिटाला साधारण १८० सीसी. ई२० ला अजून नऊ टक्के धर, १९५ च्या पुढं गेलं. २२० ते २५० सीसीचे घे, मूळचे ठेवू नको. हाय इंपिडन्सचे, म्हणजे बारा ते सोळा ओहमचे. दोन-तीन ओहमवाले ह्या डब्यावर सरळ जोडता येत नाहीत. आणि घेताना त्यांचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे दिलेला आहे का बघ. तो तक्ता नसेल तर हेडलाइट लावली की आयडल बदलणार.

---

स्पार्क_आणि_सोल्डर

ई२० चं मी सांगतो, आम्ही त्यावर बराच वेळ घालवला.

शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. ई२० ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंटरनेटवरचे लोक ‘फुल थ्रॉटलला १२.८ ठेवा’ असं लिहितात ते त्यांच्या पेट्रोलसाठी. तुम्ही गेज एएफआरवर (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या आकड्यावर) ठेवूच नका, लॅम्डावर करा. लॅम्डा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो. क्रूझला १, फुल लोडला ०.८६ ते ०.८८, आयडलला ह्या कॅमवर ०.९५ च्या आसपास इंजिन जिथं शांत वाटेल तिथं. फ्लेक्स फ्युएल सेन्सरची तुम्हाला गरज नाही, पंपावर एकच मिश्रण मिळतंय. इथेनॉलचा एक फायदा तुमच्या बाजूचा आहे. तो नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन आपोआप भडकून होणारी ठोक) रोखतो आणि आत शिरणारी हवा गार करतो, साडेदहा कॉम्प्रेशनला त्याची मदतच होते. त्रास सकाळच्या गार स्टार्टला होतो, क्रँकिंगचं पेट्रोल थोडं वाढवावं लागतं.

गाडी २००४ ची आहे, म्हणजे रबराच्या नळ्या ई२० च्या आधीच्या. टाकीपासून रेलपर्यंत सगळ्या बदला, रेग्युलेटरचा डायफ्रामही तपासा. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुनं इंधन ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी धरतं.

वाइडबँडचा बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर घ्या आणि एक्झॉस्टच्या चारही नळ्या एकत्र आल्यावर, आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर तिरका बसवा. खाली तोंड करून बसवला तर पाणी साचून आतला सिरॅमिक तडकतो.

---

घाटवळण_एमएच०९

सगळं वाचलं, छान चाललंय. एकच बाजू राहिली ती मांडतो.

रस्त्यावर चालवणार का, हे आत्ताच ठरवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे. निर्मात्यानं दिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. शिवाय गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, नोंदणी नूतनीकरणाला आरटीओसमोर उभी राहणार. माझा आग्रह आहे की ही गाडी फक्त स्पर्धेची ठेवा आणि ट्रेलरवरून न्या. मूळ ईसीयू आणि मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका, जसाच्या तसा काढून पिशवीत ठेवा. नव्या ईसीयूला नवाच हार्नेस करा.

दुसरं, एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) स्पर्धेत उतरणार असाल तर डबा घ्यायच्या आधी त्या स्पर्धेचं नियमपुस्तक वाचा. ज्या वर्गात मूळ ईसीयूची अट असेल तिथं तुमची गाडी तपासणीलाच बाहेर जाईल आणि तुम्हाला वरच्या, जास्त ताकदीच्या गाड्यांच्या वर्गात पळावं लागेल. ते चालत असेल तर पुढं जा.

आणि अण्णांपेक्षा माझं मत एका ठिकाणी वेगळं आहे. थ्रॉटल बॉडी पुढच्या वर्षी नक्की करणार असाल तर आत्ताच ईएमयू ब्लॅकचा विचार करा. वाइडबँडचा कंट्रोलर आणि नॉकचं इनपुट त्यात आतच आहे, लॉगिंग चांगलं आहे. साडेदहा कॉम्प्रेशनवर नॉक ऐकू येणं ही मोठी गोष्ट आहे. दोनदा हार्नेस करण्यापेक्षा एकदाच केलेला बरा.

---

उद्यमनगर_अण्णा

घाटवळण, नॉकचा मुद्दा मान्य आहे. पण परदेशी डब्यावर आयात शुल्क भरून बजेटमधला मोठा तुकडा तिथंच जातो आणि मग पोरगं वायरिंगला स्वस्त केबल वापरतं. मी हे लई वेळा बघितलंय. नॉक ऐकायला ब्लॉकवर तांब्याची चपटी नळी बोल्ट करून रबरी नळीनं कानापर्यंत आणायची, हेडफोनच्या आत बसवायची. एकानं चालवायचं, एकानं ऐकायचं, मोकळ्या मैदानात. इग्निशन टेबल आधी चार-पाच अंश मागं ठेवून सुरुवात करायची आणि एकेक अंशानं वर यायचं. जिथं ताकद वाढायची थांबते तिथं थांबायचं, नॉक येईपर्यंत जायचंच नाही. शेवटच्या बारकाव्याला एक दिवस पुण्याच्या डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं मशीन) जा, पण फ्युएल टेबल इथं पूर्ण करून मगच.

---

शिरोली_मशीनशॉप

ठरलं. मायक्रोस्क्वर्ट, बाहेरचा मॅप सेन्सर, इग्नायटरवाला कॉइल पॅक, २४० सीसीचे हाय इंपिडन्स इंजेक्टर, एलएसयू ४.९. गाडी फक्त स्पर्धेची, मूळ हार्नेस सुटा करून ठेवणार. घाटवळण, तुमच्या सांगण्यावरून नियमपुस्तक मागवलंय, ते वाचून झाल्याशिवाय डब्याचे पैसे भरणार नाही.

चकतीचं ड्रॉइंग आज केलं. बाहेरचा व्यास १५२, जाडी ५, दाताची आणि खाचेची रुंदी सारखी. अण्णा, पुलीवर ती बोल्टनं धरू की प्रेस फिट करून टॅक वेल्ड? वेल्डनं रनआउट बिघडेल असं वाटतंय.

---

उद्यमनगर_अण्णा

वेल्ड नको. पुलीवर स्पिगॉट (चकती मध्यावर धरणारी गोल कड) काढ, चकती त्यावर घट्ट बसू दे, एम६ चे चार बोल्ट, लॉकटाइट लावून. बोल्टची भोकं समान अंतरावर ठेवू नको, एक जरा सरकव, म्हणजे चकती उद्या कुणी काढून परत लावली तरी एकाच जागी बसेल आणि गाळलेला दात हलणार नाही. ड्रॉइंग इथंच टाक, कापायच्या आधी बघतो.